जर्मन रणगाड्यांची नावे कशी वाचायची: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

कुर्स्कची लढाई दुसऱ्या महायुद्धातली, जुलै १९४३ मधली. त्या लढाईतला पँथर रणगाडा १/३५ प्रमाणात बनवायचा म्हणून मी मॉडेलचे किट मागवले. यादीत तीन पर्याय होते: ए, डी आणि जी. कुर्स्क म्हणजे पँथरची पहिली मोठी लढाई, तेव्हा पहिले अक्षर 'ए' असणारच, असा सरळ हिशेब करून 'ए' घेतले. तीन रविवार घालवून बुरूज, म्हणजे तोफ असलेला वरचा फिरता भाग, जोडला, रंगाचा पहिला हात दिला, आणि मग वाचनात आले की कुर्स्कला 'ए' एकही नव्हता. तिथे उतरलेले सुमारे २०० पँथर सगळेच्या सगळे 'डी' होते. 'ए'चे उत्पादन लढाईनंतर सुरू झाले. पँथरचा क्रम डी, ए, जी असा आहे.

त्यानंतर या नावांचा पिच्छा पुरवायचा ठरवले. हळूहळू लक्षात आले की आपण ज्याला रणगाड्याचे 'नाव' म्हणतो ते एक नाव नसतेच. चार-पाच वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकापुढे एक ठेवलेली असतात. गाडी कुठल्या जातीची? तिची कितवी आवृत्ती? लष्कराच्या नोंदवहीत तिचा क्रमांक काय? तोफ कोणती? मूळ गाडी कुठल्या देशाची? एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी वाचले की गोंधळ झालाच. खालच्या पायऱ्या या क्रमानेच करा, म्हणजे माझ्यासारखे तीन रविवार वाया जाणार नाहीत.

सुरुवातीला जवळ काय हवे

- एक वही. प्रत्येक गाडीला एक पान आणि पानावर सहा रकाने: प्रकार, रोमन आकडा, आवृत्तीचे अक्षर, नोंदणी क्रमांक, तोफ, कंसातले अक्षर.
- एक ते सहा रोमन आकडे. त्यापुढचे सहसा लागत नाहीत.
- पट्टी आणि कॅल्क्युलेटर. तोफेच्या पायरीला लागतील.
- पुढे दिलेले पंधराएक जर्मन शब्द. जर्मन भाषा यायची गरज नाही, मलाही येत नाही.
- गाडीचे निदान दोन फोटो, एक समोरून आणि एक बाजूने. नावाचा अर्थ लावल्यावर तो फोटोशी जुळतो का हे बघितल्याशिवाय वहीत पक्की नोंद करायची नाही.

१. लांबलचक शब्द फोडायला शिका

जर्मन शब्द बघून छाती दडपते, पण मराठी माणसाला घाबरायचे कारण नाही. आपल्या समासासारखेच ते शब्द जोडलेले असतात. 'पान्त्सरकाम्फवागन' घ्या. पान्त्सर म्हणजे चिलखत, काम्फ म्हणजे लढाई, वागन म्हणजे गाडी. शेवटचे दोन तुकडे पुन्हा वाचा: लढाई अधिक गाडी. आपला 'रणगाडा' हा शब्द नेमका असाच बनला आहे, रण अधिक गाडा. म्हणजे पान्त्सरकाम्फवागन हा चिलखती रणगाडा झाला. वागन हा शब्द तर आपल्या रस्त्यांवर रोज दिसतो, फोक्सवॅगनमधला 'वॅगन' तोच.

उच्चाराचे दोन नियम लक्षात ठेवले तर पुरते: जर्मन 'झेड'चा उच्चार त्स आणि 'डब्ल्यू'चा व. आपण पँझर म्हणतो ते मूळचे पान्त्सर. मराठीत पँझर रुळले आहे, ते म्हणायला हरकत नाही.

पाठ करण्यासारखे तुकडे हे:

- श्टुर्म: हल्ला. गेश्युत्स: तोफ. श्टुर्मगेश्युत्स म्हणजे हल्ल्याची तोफ, संक्षेपात 'श्टुग'.
- यागट: शिकार. यागटपान्त्सर म्हणजे शत्रूचे रणगाडे टिपणारी गाडी.
- श्पे: टेहळणी. पान्त्सरश्पेवागन म्हणजे चिलखती टेहळणी गाडी.
- श्युत्सेन: पायदळाचे सैनिक. श्युत्सेनपान्त्सरवागन म्हणजे सैनिक नेणारी चिलखती गाडी.
- बेफेल्स: हुकूम. बेफेल्सवागन म्हणजे अधिकाऱ्याची, जादा वायरलेस असलेली गाडी.
- बेर्गे: बंद पडलेल्याला ओढून आणणे. बेर्गेपँथर म्हणजे दुसऱ्या रणगाड्यांना ओढून आणणारा पँथर.
- फ्लाक: विमानविरोधी तोफ. पाक: रणगाडाविरोधी तोफ.
- फ्लाम: ज्वाला फेकणारी.
- लाइश्टर, मिटलरर, श्वेरर: हलकी, मध्यम, जड.
- आउफ: 'च्यावर'. अमुक तोफ आउफ अमुक चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा).

संक्षेपांना बिचकू नका. पुस्तकात 'पीझेड-केपीएफडब्ल्यू' अशी अक्षरे दिसली की पान्त्सरकाम्फवागन वाचायचे.

२. रोमन आकडा वाचा, पण त्यातून वजन काढू नका

पान्त्सरकाम्फवागन एक ते सहा या मुख्य जाती. नवख्याला वाटते की आकडा चढला की रणगाडा जड आणि नवा. पुष्कळदा ते खरेही ठरते, म्हणूनच ही समजूत धोक्याची आहे.

याचे मूळ बघायचे तर १९१९ च्या व्हर्सायच्या तहापर्यंत मागे जावे लागते. त्या तहाने जर्मनीला रणगाडे बनवायला मनाई केली होती. म्हणून सुरुवातीची कामे खोट्या नावांनी चालत. पहिल्या छोट्या रणगाड्याचे कागदोपत्री नाव 'शेतीचा ट्रॅक्टर' होते, जर्मन संक्षेपात 'एलएएस'. हाच पुढे पान्त्सरकाम्फवागन एक झाला: सव्वापाच-साडेपाच टनांचा, दोन माणसांचा, दोन मशिनगनचा. तिसऱ्याला 'पलटणीच्या नायकाची गाडी' म्हणजे झेडडब्ल्यू, आणि चौथ्याला 'सोबतची गाडी' म्हणजे बीडब्ल्यू म्हणत. जुन्या कागदांत ही अक्षरे भेटली की वेगळा रणगाडा समजू नका.

या टोपणनावांतून आणखी एक गोष्ट कळते. तीन आणि चार हे एकमेकांचे जोडीदार होते. तिसऱ्याने ३.७ सेंटिमीटरच्या तोफेने शत्रूचे रणगाडे फोडायचे आणि चौथ्याने आखूड ७.५ सेंटिमीटर तोफेने मागून आधार द्यायचा, अशी मूळ योजना. चार हा तीनचा वारस नव्हता, दोघे बरोबरीने घडले. युद्ध पुढे गेले तसा चौथ्याने लांब तोफ पेलली आणि तिसरा मागे पडला, ती पुढची गोष्ट.

पाच म्हणजे पँथर, सहा म्हणजे टायगर. पण टायगर १९४२ मध्येच लेनिनग्राडच्या आघाडीवर पोचला होता, पँथर १९४३ मध्ये उतरला. म्हणजे सहावा पाचव्याच्या आधी आला. वजनाच्या वर्गाचेही असेच. ४५ टनांचा पँथर जर्मनांच्या लेखी मध्यम रणगाडा, आणि जवळपास तेवढ्याच वजनाचा सोव्हिएत आयएस-२ मात्र रशियनांच्या लेखी जड.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. 'टायगर एक' आणि 'टायगर दोन' यातले आकडे आणि पान्त्सरकाम्फवागन एक-दोन यांचा काडीचा संबंध नाही. दोन्ही टायगर सहाव्या जातीतलेच.

३. 'आउसफ्यूरुंग'चे अक्षर: सर्वांत जास्त चुका इथेच होतात

आउसफ्यूरुंग म्हणजे आवृत्ती किंवा बनावट. पुस्तकांत 'आउसफ' एवढेच छापतात आणि पुढे एक अक्षर देतात. मूळ कल्पना सोपी आहे: मोठा बदल झाला की पुढचे अक्षर. चौथ्या जातीत हे बऱ्यापैकी सरळ चालते, ए पासून एच पर्यंत आणि मग जे. 'आय' गाळले आहे, तेव्हा वहीत तो रकाना रिकामा राहिला म्हणून शोधत बसू नका. तिसऱ्यात एच नंतर जे, मग एल, एम, एन. मधला 'के' रणगाड्याला न मिळता हुकमाच्या गाडीला मिळाला.

आता अपवाद. पँथरचा डी, ए, जी हा क्रम सुरुवातीलाच सांगितला. टायगरचे तर उलटेच: पहिल्या टायगरचे अधिकृत अक्षर 'ई' आणि नंतरच्या, ज्याला आपण टायगर दोन म्हणतो त्याचे 'बी'. त्यातही पहिला टायगर सुरुवातीला 'एच-१' होता, १९४३ मध्ये त्याचे 'ई' झाले. एच म्हणजे हेन्शेल ही कंपनी. एकच गाडी दोन पुस्तकांत दोन नावांनी दिसली तर दोन्ही पुस्तके बरोबर असू शकतात, कागद कोणत्या महिन्याचा आहे ते बघायचे.

चौथ्या जातीतला 'एफ-२' ही अशीच भानगड. १९४२ मध्ये एफ आवृत्तीला आखूड तोफेऐवजी लांब तोफ बसवली. मग लांबवाल्याला एफ-२ म्हणू लागले आणि जुन्याला मागाहून एफ-१. काही महिन्यांतच एफ-२ हे नाव रद्द करून त्याच गाड्यांना 'जी' म्हणायचे ठरले. किटच्या खोक्यावर आजही एफ-२ छापतात, कारण ओळखायला ते सोयीचे आहे. वहीत मात्र 'एफ-२, म्हणजेच सुरुवातीचा जी' असे लिहा.

दुसऱ्या जातीत आपल्यासाठी खास अडचण आहे. तिथे आधी लहान लिपीतली अक्षरे वापरली, ए, बी, सी, आणि नंतर मोठ्या लिपीतली, पुन्हा ए, बी, सी. लहान सी आणि मोठा सी या वेगळ्या आवृत्त्या आहेत. देवनागरीत लहान-मोठे अक्षर असा भेदच नाही, त्यामुळे मराठीत टिपण काढताना हा फरक हमखास गळतो. माझ्या वहीत मी 'लहान सी' असे शब्दांत लिहितो. तुम्हीही लिहा.

अक्षर खरे कसे पडताळायचे ते पँथरवरच दाखवतो. समोरून फोटो बघा. पुढच्या उतरत्या पत्र्यावर आपल्या उजवीकडे चालकाची आडवी झडप आहे का? असेल तर डी किंवा ए. पत्रा सपाट आणि अखंड असेल तर जी, कारण तिथे चालकाची झडप काढून टाकली. आता डी आणि ए वेगळे करायचे. बुरुजावरच्या कमांडरच्या टोपीकडे, म्हणजे तो जिथून बाहेर बघतो त्या उंचवट्याकडे बघा. डी वर ती उभ्या डब्यासारखी असते आणि तिला बाहेर बघायला फटी असतात. ए वर ती ओतीव, गोलसर असते आणि कडेने पेरिस्कोपची छोटी झाकणे असतात. पुढच्या पत्र्यावरच्या मशिनगनच्या फटीवरून निर्णय घेऊ नका. पत्रपेटीच्या तोंडासारखी ती फट डी ची खूण म्हणून सांगतात, पण सुरुवातीच्या ए वरही ती होती. फटीऐवजी मशिनगनची गोल बॉलसारखी बैठक मागाहून आली.

याच कारणाने 'अक्षर बदलले म्हणजे सगळे बदलले' असे धरू नका. कारखान्यात जुने सुटे भाग शिल्लक असत, ते संपेपर्यंत वापरले जात. एका अक्षराच्या शेवटच्या गाड्या आणि पुढच्या अक्षराच्या पहिल्या गाड्या पुष्कळदा एकमेकींच्या बहिणी वाटतात.

४. नोंदणी क्रमांक: एसडी-केएफझेड

पूर्ण शब्द 'झोंडरक्राफ्टफारत्सोइग', म्हणजे विशेष मोटारगाडी. हा लष्कराच्या साहित्याच्या यादीतला क्रमांक. सैनिकांच्या बोलण्यात तो फारसा येत नसेल, पण तुमच्या-माझ्यासारख्याला सर्वांत भरवशाचा धागा तोच.

ढोबळ वाटणी अशी:

- १ ते ९९: बहुतेक चिलखत नसलेले हाफ-ट्रॅक (पुढे चाके, मागे पट्टे असलेल्या गाड्या). ७ म्हणजे आठ टन ओढणारा, ९ म्हणजे अठरा टनी, आणि २ म्हणजे मोटारसायकलसारखे हँडल असलेला छोटा केटनक्राड. इथे आकडा आणि टन यांचा मेळ बसत नाही, १० हा तर एक टनी आहे.
- १०० च्या पुढचे: पट्ट्यांवर चालणारे, म्हणजे रणगाडे आणि त्यांच्या चॅसीवर बनवलेल्या गाड्या.
- २०० च्या पुढचे: चाकांच्या चिलखती गाड्या आणि चिलखती हाफ-ट्रॅक.
- ३०० च्या पुढचे: स्फोटके वाहून नेणारी, दुरून चालवायची यंत्रे. गोलियाथ हे छोटे यंत्र विजेच्या मोटरवर असेल तर ३०२, पेट्रोलवर असेल तर ३०३.

शंभरीत मुख्य रणगाडे असे बसतात: १०१ पहिला, १२१ दुसरा, १४१ तिसरा, १६१ चौथा, १७१ पँथर, १८१ टायगर, १८२ टायगर बी. चॅसी तीच पण गाडी वेगळी असेल तर क्रमांक आसपासचा मिळतो. तिसऱ्याच्या चॅसीवरचा श्टुग १४२, यागटपँथर १७३, यागटटायगर १८६. एवढे पाठ असले की अनोळखी क्रमांक दिसताच चॅसीचा अंदाज बांधता येतो.

तिरक्या रेघेपुढचा आकडा बहुधा तोफ किंवा काम बदलल्याचे सांगतो. चौथ्यात १६१ म्हणजे आखूड तोफ, १६१/१ म्हणजे लांब, १६१/२ म्हणजे आणखी लांब. पण हा नियम तिसऱ्याला लावाल तर फसाल. १४१/१ ला लांब ५ सेंटिमीटरची तोफ आहे आणि १४१/२ ला पुन्हा आखूड ७.५ ची. रेघेपुढचा आकडा वाढला म्हणून नळी लांबली असे होत नाही.

या पायरीचा सराव २५१ वर करा. हा सैनिक नेणारा चिलखती हाफ-ट्रॅक, आणि त्याचे वीसहून जास्त उपप्रकार. २५१/१ साधी सैनिकांची गाडी, २५१/३ वायरलेसची, २५१/९ आखूड ७.५ सेंटिमीटर तोफेची, २५१/१६ ज्वाला फेकणारी, २५१/२२ वर रणगाडाविरोधी पाक ४०. आता याला आउसफ्यूरुंगची अक्षरेही आहेत, ए पासून डी पर्यंत, आणि ती अक्षरे सांध्याची, पत्र्याची, बाहेरच्या आकाराची गोष्ट सांगतात. रेघेपुढचा आकडा काम सांगतो, अक्षर बाहेरचा आकार सांगते, आणि दोन्ही एकमेकांना बांधलेली नाहीत. २५१/१ सी आणि २५१/१ डी यांचे काम तेच, पण मागची बाजू बघा: सी चे मागचे दरवाजे आत-बाहेर मोडणाऱ्या पत्र्यांत बसलेले, डी ची पाठ एका सरळ उतारात. हा भेद एकदा डोळ्यांत बसला की पुढे बहुतेक गोष्टी सोप्या जातात.

५. तोफेचे नाव घ्या आणि नळी मोजा

ही माझी आवडती पायरी, कारण इथे नाव थेट पट्टीने तपासता येते. जर्मन तोफेच्या नावात तीन भाग असतात: व्यास सेंटिमीटरमध्ये, प्रकार, आणि 'एल'पुढचा आकडा. उदाहरणार्थ ७.५ सेंटिमीटर केव्हेका ४०, एल/४८. केव्हेका म्हणजे काम्फवागनकानोन, रणगाड्यातली तोफ. हल्ल्याच्या तोफगाडीत बसवली की तिला श्टुक म्हणत आणि चाकांच्या गाड्यावर ठेवली की पाक.

एलपुढचा आकडा म्हणजे नळी व्यासाच्या किती पट लांब. गुणाकार करा: ७.५ गुणिले ४८, म्हणजे ३६० सेंटिमीटर. आखूड एल/२४ ची नळी १८० सेंटिमीटर, नेमकी निम्मी. पँथरची एल/७० म्हणजे ५२५ सेंटिमीटर. टायगरची ८.८ सेंटिमीटर एल/५६ म्हणजे ४९३ च्या आत-बाहेर, टायगर बी ची एल/७१ म्हणजे जवळपास सव्वासहा मीटर. पँथरची तोफ पहिल्या टायगरपेक्षा बारीक पण लांब आहे, आणि तिची भेदकशक्ती कुठून आली ते या एका गुणाकारात दिसते.

मॉडेल बनवत असाल तर आलेल्या लांबीला ३५ ने भागा. पण नळीचा मागचा बराच भाग बुरुजाच्या आत असतो आणि तोंडावरचा ब्रेक (तोफेचा धक्का कमी करणारा तुकडा) या लांबीत धरलेला नसतो. तेव्हा बाहेर दिसणारी लांबी सरळ तुलनेला घेऊ नका, अंदाज घ्या. एल/४३ आणि एल/४८ मधला फरक १/३५ ला सेंटिमीटरभरच येतो, डोळ्यांनी तो चुकतो, पट्टीने सापडतो.

ब्रिटिश तोफांची नावे गोळ्याच्या वजनावरून पौंडांत असत. जर्मन कागदात पौंड शोधू नका.

६. कंसातले अक्षर: देश की कंपनी?

पान्त्सरकाम्फवागन ३८ आणि कंसात लहान टी. मी हे पहिल्यांदा '३८ टन' असे वाचले होते, आणि अजूनही अनेक लेखांत तसे छापलेले दिसते. ती गाडी दहा टनांचीही जेमतेम भरते. टी म्हणजे 'चेखिश', चेक. जर्मन त्या शब्दाची सुरुवात टी ने करतात. ३८ हा चेक सैन्याच्या मूळ नावातला वर्ष-क्रमांक. १९३९ मध्ये जर्मनीने चेक प्रदेश गिळला तेव्हा तिथले कारखाने आणि रणगाडे आयते हाती आले. ३५(टी) ही तशीच.

पकडलेल्या किंवा परक्या साहित्याला देशाचे लहान अक्षर लावत: एफ फ्रेंच, आर रशियन, ई इंग्रज, ए अमेरिकन, आय इटालियन, पी पोलिश, एच डच. पकडलेल्या रणगाड्यांचे क्रमांक सातशेच्या घरातले. सोव्हिएत टी-३४ झाला ७४७(आर), फ्रेंच सोमुआ झाली ७३९(एफ).

पण कंसात मोठे अक्षर असेल तर बहुधा ती कंपनी असते. टायगरच्या नमुन्यांची नावे व्हीके ४५.०१(एच) आणि व्हीके ४५.०१(पी). एच हेन्शेल, पी पोर्शे. ४५ म्हणजे ४५ टनी वर्ग आणि ०१ म्हणजे त्या वर्गातला पहिला आराखडा. लहान पी पोलिश, मोठा पी पोर्शे. मराठीत दोन्ही 'पी'च. वहीत पुन्हा शब्दांत लिहा.

या पायरीतले सर्वांत फसवे नाव: पान्त्सर चार/७०(व्ही). इथे चार ही जात. ७० म्हणजे टन नव्हे, तोफेची एल/७० लांबी. आणि व्ही म्हणजे रोमन पाच नव्हे, तो 'फोमाग' कंपनीचा व्ही. याच गाडीचा आल्केट कंपनीने केलेला प्रकार कंसात ए लावतो. त्या ए चा अमेरिकेशीही संबंध नाही आणि आउसफ्यूरुंगशीही नाही.

७. 'हा रणगाडाच आहे का?' हे विचारा

श्टुगला फिरता बुरूज नसतो, तोफ पुढे घट्ट बसवलेली. तिसऱ्याचीच चॅसी, तेच पट्टे, तरी नावात 'काम्फवागन' नाही, 'गेश्युत्स' म्हणजे तोफ आहे. कारण ती गाडी तोफखान्याची होती. पायदळाला आधार द्यायला तोफखान्याने ती मागितली, तिच्यातली माणसे तोफखान्याची. नाव गाडीच्या रूपावरून पडले नाही, ती कुठल्या दलाची यावरून पडले. पूर्णपणे पट्ट्यांवर चालणाऱ्या जर्मन चिलखती गाड्यांत सर्वांत जास्त संख्येने बनलेली गाडी हीच, दहा हजारांच्या आसपास, तरी नावाने ती रणगाडा नाही. आकडेवारी वाचताना हे फार महत्त्वाचे आहे: 'जर्मनीचे इतके रणगाडे' असे लिहिणाऱ्याने श्टुग धरले की वगळले, हे आधी बघा.

'(एसएफ)' असा संक्षेप दिसला तर तो 'स्वतः चालणारा तोफगाडा', बहुधा वरून उघडा. इथे 'आउफ' हा शब्द कामाला येतो. मार्डर दोन या रणगाडाविरोधी गाडीच्या एका प्रकाराचे नाव उलगडून वाचू: ७.६२ सेंटिमीटर पाक ३६(आर), आउफ, पान्त्सरकाम्फवागन दोनची चॅसी, (एसएफ), क्रमांक १३२. म्हणजे १९३६ च्या नमुन्याची सोव्हिएत तोफ, रणगाडाविरोधी कामासाठी बदललेली, जर्मन दुसऱ्या रणगाड्याच्या चॅसीवर बसवलेली. पकडलेली तोफ आणि मागे पडलेली चॅसी यांची जोडणी. १९४२ मध्ये जर्मन सैन्याला टी-३४ समोर किती घाई झाली होती, ते या एका नावात वाचता येते.

८. प्राण्यांची नावे शेवटी घ्या

नवखा माणूस इथूनच सुरुवात करतो. मी ही पायरी मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे, कारण ही नावे सर्वांत कमी माहिती देतात आणि सर्वांत जास्त बदलली आहेत.

वेस्पे म्हणजे गांधीलमाशी, हुमेल भुंगा, ग्रिले रातकिडा. या स्वतः चालणाऱ्या तोफा. होर्निसे, म्हणजे मोठी गांधीलमाशी, हिचे १९४४ मध्ये नासहोर्न म्हणजे गेंडा झाले. फेर्डिनांड हे रणगाडे टिपणाऱ्या गाडीचे नाव अभियंता फेर्डिनांड पोर्शेवरून पडले होते, त्याचा १९४४ मध्ये एलेफांट म्हणजे हत्ती झाला. गाडी तीच. २७ फेब्रुवारी १९४४ ला हिटलरने हुकूम काढला की पँथरपुढचा रोमन पाच काढून टाका, नुसते पँथर म्हणा. हुमेल हे नावही लढाऊ गाडीला शोभत नाही म्हणून सोडायला सांगितले. १८८ टनांच्या प्रचंड रणगाड्याला मात्र माउस, उंदीर, हेच नाव राहिले.

'ब्रुमबेअर' हे नाव दोस्त राष्ट्रांच्या गुप्तचर खात्याचे, जर्मन कागदांत ती गाडी श्टुर्मपान्त्सर. टायगर दोनचे 'किंग टायगर' हे नावही इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी केलेले शब्दशः भाषांतर. जर्मनमध्ये 'क्योनिश' म्हणजे राजा खरे, पण क्योनिशटायगर हा जोडशब्द त्यांच्याकडे बंगालच्या वाघाचे साधे नाव आहे. आपण ज्याला ढाण्या वाघ म्हणतो तोच. राजा-महाराजाचा काही संबंध नाही.

त्या गाडीबाबत आणखी एक चुकीचे नाव रूढ आहे. पहिल्या ५० गाड्यांच्या गोलसर बुरुजाला 'पोर्शे बुरूज' आणि नंतरच्या सपाट तोंडाच्या बुरुजाला 'हेन्शेल बुरूज' म्हणतात. दोन्ही बुरूज क्रुप कंपनीचे आहेत. वहीत 'सुरुवातीचा' आणि 'नंतरचा' एवढेच लिहा.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. वाघ, बिबट्या, गेंडा या नावांचा रुबाब प्रचारासाठीही वापरला गेला, आणि आज खोक्यांवरच्या चित्रांतून तो आपल्यापर्यंत पोचतो. या गाड्या ज्या कारखान्यांत बनल्या तिथे सक्तीने आणलेले लाखो मजूर राबत होते, आणि त्या ज्या गावांतून गेल्या तिथे काय घडले ते आपण जाणतो. क्रमांक आणि अक्षरे वाचायला शिकलेला माणूस त्या रुबाबाला कमी भुलतो, असा माझा अनुभव आहे.

९. प्रत्यक्ष सराव

पहिली पाच पाने चौथ्या जातीची करा: डी, एफ, जी, एच, जे. यात क्रम सरळ आहे, तोफेचा बदल स्पष्ट आहे आणि फोटो विपुल मिळतात. मग श्टुग, मग २५१. पँथर आणि टायगर त्यानंतर. किट घेण्याआधी खोक्यावरचे पूर्ण नाव वहीत उतरवा, त्या गाडीला लागू होणारे रकाने भरा, आणि ज्या लढाईचे मॉडेल करायचे तिची तारीख शेजारी लिहा. त्यातला एखादा रकाना रिकामा राहिला तर खरेदी थांबवा.

जमेल तेव्हा अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियमला जा. तिथे ब्रिटिश आणि जपानी रणगाड्यांच्या सोबतीला एक जर्मन श्वेरर पान्त्सरश्पेवागन आहे. पहिल्या पायरीतले तुकडे आठवून नाव तिथेच फोडा: जड, चिलखत, टेहळणी, गाडी. या कुळात २३१ हा एकच क्रमांक दोन अगदी वेगळ्या गाड्यांना मिळालेला आहे, एक सहा चाकी आणि एक आठ चाकी. म्हणून वहीत क्रमांक लिहायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारा आणि चाके मोजा.